सुनेच्या नावाचा नैवेद्य

बायको गेली त्या दुःखात लोकांच्या चौकशीनं जीव नको केला. जेवणाचं कसं, जेवणाचं कसं. समोरच्या शांताबाईला मी सांगायचो, सून सिडकोतून डबा पाठवते. सिडकोतला लेक फोनवर विचारायचा, त्याला सांगायचो, शांताबाई देते. खात होतो खानावळीचं. चौथी शिकलेला माणूस मी, पण दोन्हीकडं खोटं बोलताना कुठं अडलो नाही.

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला त्याला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो, तोही घरच्या हातचा. बायकोनं चाळीस वर्षं केला. पहिलं साल दुखवट्यात गेलं. यंदा मी खानावळीतून सगळं आणलं, तिच्या डब्यात भरलं, वर कांद्याची पात पेरली आणि देवळात गेलो. रांगेत शांताबाई मागंच. "सूनबाईनं केलं व्हय?" मी म्हणलो, "व्हय." देवाच्या दारात म्हणलो. त्याच्यावर बी राग होताच. माझं माणूस नेलंस, आता हेच खा.

भंडाऱ्याचं ताट म्हणजे तळी; ती उचलायला पाच माणसं लागतात. सोयगावकडच्या एका धनगर म्हाताऱ्याकडं तो धरून चार झाली होती. त्यानं माझा दंड धरला. "पाव्हणं, पाचवे व्हा." त्याच्या फडक्यात रोडगा, एका अंगानं पार कोळसा. कुणीतरी हसलं. तो म्हणाला, "मालकीण गेल्यापासून असंच हाय. देवाला सांगितलं, मला येवढंच येतं, खायचं तर खा." मग मला विचारलं, "तुमचं कुणी केलं?"

तोंडात सून तयार होती. निघालं भलतंच. "खानावळीचं, इकतचं हाय."

म्हाताऱ्यानं रोडगा मोडला, बरा भाजलेला अर्धा माझ्या डब्यात ठेवला, करपलेला स्वतःकडं. तळी उचलून, येळकोट म्हणून मी देवापुढं वाकलो. मान वर केली तोवर तो गर्दीत गेला होता. नाव विचारायचं राहिलं.

मागून सगळं ऐकलेली शांताबाई परतीच्या रिक्षात फणकारली, "दीड वर्ष मला येड्यात काढलं. उद्या या, भाकर थापायला शिकवते. आयती देणार नाय."

तो म्हातारा देवानं धाडला का, हे मला सांगता येत नाही, आणि त्यावर वाद घालायचा नाही. मी एवढंच जाणतो की माझ्यानं जे सुटत नव्हतं ते त्या दारात सुटलं.

घरी येऊन लेकाला फोन लावला. "जेवलात का बाबा?" त्यानं नेहमीचं विचारलं.

"नाय," मी म्हणलो. "एकट्याला घास उतरत नाय."

शांताबाई देते हे खोटं, खातो खानावळीचं, तेही सांगून टाकलं. खंडोबाची कृपा, आता झाकायला काही उरलं नव्हतं.