कपड्यांसकट पोहणारी पाहुणी

शाळेच्या एक्स्चेंजसाठी लेकीनं आमच्या घराचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. मला कळलं ते शाळेतून फोन आला तेव्हा. नेदरलँड्समधल्या एका शाळेची मुलं इंग्लंडात, आमच्या मेडनहेडला येणार, इथल्या मुलांच्या घरी राहणार, त्यांच्याबरोबर शाळेत जाणार आणि दोन्हीकडच्या मुलांनी जोडीनं जॉग्रफीचा प्रोजेक्ट करायचा, नदी आणि पूर या विषयावर. नंतर वसंतात आमची मुलं तिकडे जाणार. लेक तेव्हा इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नववीत होती. "आपली बॉक्स रूम रिकामीच असते ना," असं तिचं म्हणणं. ती रिकामी नव्हती. तिच्यात गणपतीचं मखर, भारतात न्यायच्या मोठ्या बॅगा आणि नवऱ्याची व्यायामाची सायकल होती. ते सगळं आम्ही गराजमध्ये हलवलं, नवी चादर घातली आणि पाहुणीची वाट पाहू लागलो.

ती आली ऑक्टोबरात. माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच, पाठीवर सॅक, केस कसेतरी वर बांधलेले. दारातच तिनं माझा हात घट्ट धरून हलवला आणि मला काय म्हणून हाक मारायची ते विचारलं. लेक म्हणाली, आंटी म्हण. त्यावर ती म्हणाली, पण या माझ्या आंटी नाहीत. शेवटी नवऱ्यानं 'काकू' सुचवलं, ते तिनं लगेच घेतलं. पुढे ती तिच्या आईशी फोनवर बोलायची तेव्हा डच वाक्यांमधून सारखं काकू, काकू ऐकू यायचं. ते माझं नावच आहे अशी तिची समजूत होती. आम्ही ती कुणी दूर केली नाही.

पहिल्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम संपवत होते. ही खाली आली, जेवणाच्या टेबलाशी बसली आणि शांतपणे वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "मला भूक लागली आहे. तुम्ही जेवता कधी?"

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र हसू आलं. आमच्याकडे आलेला पाहुणा पोटात कावळे ओरडत असले तरी 'नको नको, आत्ताच खाऊन निघालो' म्हणतो. ही सरळ सांगत होती. त्या दिवसापासून आमचं जेवण दोन तास अलीकडे आलं. वरणभात तिला आवडला, पोळी तर फारच आवडली. लिंबाचं लोणचं जिभेला लागल्याबरोबर तिनं वाटी बाजूला सरकवली. हे मला कधीच वाढू नका, म्हणाली. मी पुण्याची आहे. मला यात काही वावगं वाटलं नाही.

शाळेत मात्र तिचं काही धड चाललं नव्हतं. ब्लेझर आणि टायची तिला गंमत वाटली होती, पण ती तेवढ्यापुरती. मुलींच्या भरभर बोलण्यातलं अर्धं निसटायचं आणि हिचं बोलणं त्यांना टोचायचं. दुसऱ्या एका जोडीनं त्यांच्या प्रोजेक्टचं पोस्टर दाखवून कसं वाटलं असं विचारलं, तर हिनं सांगितलं की चांगलं नाही, नकाशा उलटा लावलाय. नकाशा खरंच उलटा होता. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, आणि माझी लेकही दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. हे मला लेकीनं नाही, त्या मुलीनंच सांगितलं, भांडी पुसता पुसता. तक्रारीचा सूर नव्हता. डोळे मात्र लाल होते.

"ते 'इंटरेस्टिंग' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'वाईट' असतो," ती म्हणाली. "मग 'वाईट' का म्हणत नाहीत?"

मी हातातली कढई खाली ठेवली. या देशात आल्यावर मला हेच कोडं पडलं होतं. माझा पहिला मॅनेजर मीटिंगमध्ये माझ्या एका कल्पनेला 'ब्रेव्ह' म्हणाला होता आणि मी घरी येऊन कौतुकानं नवऱ्याला सांगितलं होतं. ती कल्पना पुन्हा कधी कुणी काढली नाही, तेव्हा मला अर्थ कळला. तिला मी हे सगळं सांगितलं. 'क्वाइट गुड' म्हणजे फारसं गुड नाही, 'नॉट बॅड' म्हणजे बरंच चांगलं, आणि 'एकदा भेटू या' म्हणजे भेटायचं नाही. ती हसून हसून खाली बसली. मग तिनं विचारलं की हे शिकायला तुम्हाला किती वेळ लागला. मी म्हटलं, अजून शिकतेय. परक्या देशात कुणाचा तरी आधार होण्याइतपत आपण इथल्या झालो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं, आणि मी उगीचच ताठ मानेनं ओटा पुसला.

लेकीशीही मी बोलले. रागावले नाही, फक्त विचारलं की वसंतात तू तिकडे जाशील तेव्हा तुझ्या शेजारी कुणी बसावं असं तुला वाटेल का. दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकत्र घरी आल्या.

रविवारी आम्ही तिघी नदीकाठी फिरायला गेलो. प्रोजेक्टसाठी त्यांना फोटो हवे होते. पाऊस होऊन गेल्यानं थेम्स भरून चालली होती, पाणी काठाच्या गवतापर्यंत आलं होतं. मी नेहमीप्रमाणे वाटेच्या आतल्या बाजूनं, पाण्यापासून जमेल तितकं लांबून चालत होते. त्या मुलीनं ते पाहिलं आणि विचारलं की काकूंना पोहता येतं ना. मी नाही म्हटलं. काकांना? त्यांनाही नाही. लेकीला शाळेत शिकवलं होतं म्हणून तलावाची एक लांबी कशीबशी जमायची. ती मुलगी वाटेवरच थांबली.

"पण तुम्ही नदीजवळ राहता," ती म्हणाली. कुणी घराला दारच नाही असं सांगावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

मग ती त्यांच्याकडचं सांगू लागली. तिकडे मूल शाळेत रुळतं न रुळतं तोच त्याला पोहायला घालतात. डिप्लोमा असतो, परीक्षा असते, आणि परीक्षेत कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरावं लागतं. कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. परीक्षेच्या दिवशी आजी-आजोबा फुलं घेऊन येतात. तिच्या बुटात पाणी भरलं होतं आणि ती रडत रडत पोहली होती, पण पोहली. हे सांगताना ती नकळत आणखी उंच झाली.

मला का येत नाही, हेही तिनं विचारलं. मला भीती वाटण्यासारखं लहानपणी काही घडलं नव्हतं. पुण्यात आमच्या घरापासून पोहण्याचा तलाव लांब नव्हता. भाऊ टॉवेल गुंडाळून रोज जायचा. मला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. चल, असंही कुणी म्हटलं नव्हतं. तिला इतकंच सांगितलं.

"मग मी म्हणते," ती म्हणाली. "मंगळवारी चला."

मंगळवारी लेझर सेंटरच्या, म्हणजे गावातल्या पोहण्याच्या तलावाच्या चेंजिंग रूममध्ये मी बराच वेळ नुसती बसून होते. लांब बाह्यांचा पोशाख घेतला होता तरी सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटत होतं. लेक येणार नाही म्हणाली होती. आपली आई उथळ पाण्यात लहान मुलांच्या शेजारी उभी, हे कुणी वर्गातल्यानं पाहिलं तर, ही तिची चिंता. शेवटी आली, पण वर बाकावर फोन घेऊन बसली.

त्या मुलीनं मला गोंजारलं नाही. धीराचं काही बोललीही नाही. आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला लावले. मी नाक धरलं तर माझा हात काढला. मग पाठीवर झोपायला सांगितलं. मी आडवी झाले की कंबर खाली जायची, नाकात पाणी जायचं, आणि मी ठसकत उभी राहायची. "हे वाईट होतं," ती म्हणायची. "पुन्हा." ज्या बोलण्यानं शाळेत मुली दुरावल्या होत्या, त्याच बोलण्याचा मला आधार वाटू लागला. ती खोटं बोलणार नाही याची खात्री होती. त्यामुळे 'आता बरं' म्हणाली की ते खरोखर बरं असायचं.

"तुम्ही डोकं स्वतःच धरून ठेवताय," ती शेवटी म्हणाली. "ते जड आहे. पाण्याला द्या." आणि तिनं माझ्या डोक्याखाली तळहात ठेवला.

कान पाण्याखाली गेले, मुलांचा गलका एकदम थांबला. छताच्या पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. पाय आपोआप वर आले. तिनं हात केव्हा काढला मला कळलंच नाही. कळलं ते लेकीचा आवाज पाण्यातून पुसटसा ऐकू आला तेव्हा. ती बाक सोडून काठावर येऊन उभी राहिली होती आणि सांगत होती, आई, तुला कुणी धरलं नाहीये. अर्थात ते ऐकून मी बुडालेच. पण त्याआधी मी तरंगले होते, आणि ते त्या दोघींनी पाहिलं होतं.

पुढच्या वेळी लेकही पाण्यात उतरली. घरी येताना बसमध्ये दोघींची काहीतरी जोरदार चर्चा चालली होती. त्यांनी पुराचे नकाशे बाजूला ठेवून प्रोजेक्टच बदलायचं ठरवलं होतं. आमच्या रस्त्यावरच्या आणि नदीकडच्या घरांची दारं वाजवून त्या एकच प्रश्न विचारत फिरल्या: तुमच्या घरात कुणाकुणाला पोहता येतं? माझी लेक एरवी डिलिव्हरीवाल्याला दार उघडायलाही लाजते. ती आता अनोळखी माणसांशी बोलत होती आणि डच मुलगी शेजारी उभी राहून टिपून घेत होती. लेकीनं तिला एकच गोष्ट शिकवली होती, 'सॉरी टु बॉदर यू' म्हणून सुरुवात करायची. ती तेवढं अगदी मनापासून म्हणायची आणि मग थेट मुद्द्यावर यायची.

एक्स्चेंजच्या शेवटी शाळेच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं होतं. जोड्या एकामागून एक येऊन आपापली कामं दाखवत होत्या. या दोघींची पाळी आली तेव्हा लेकीनं नकाशा लावून कुठली घरं नदीला किती जवळ आहेत ते समजावलं. मग ती मुलगी पुढे झाली. शाळेनं दिलेला ब्लेझर तिला आखूड होता, मनगटं बाहेर आली होती. तिच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं.

"तुमच्याकडे पुराची व्यवस्था चांगली आहे," ती म्हणाली. "तुमच्या भिंती तयार आहेत. तुमची माणसं तयार नाहीत."

हॉल गप्प झाला. मला तो इंग्रजी शांततेचा प्रकार ठाऊक होता. आता कुणीतरी 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणेल आणि पुढची जोडी येईल. तिलाही ते कळलं असावं, कारण तिची मान लाल झाली. पण ती जागची हलली नाही. मागच्या रांगेतून एका बाईनं, जरा दुखावल्या आवाजात, विचारलं की मोठ्या माणसांनी आता या वयात काय करायचं, हे बोलणं सोपं आहे.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही स्वतःहून फारशी बोलत नाही. त्या दिवशी मी उभी राहिले. माझं वय सांगितलं. म्हटलं, या मुलीनं मला शिकवलं, मी तरंगते, आणि अजून पोहता येत नसलं तरी येणार आहे. मेडनहेडमध्ये राहून इतकी वर्षं झाली, पण माझा आवाज इतक्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. उलट्या नकाशावाल्या मुलीही वाजवत होत्या.

स्टेजवर लेकीनं त्या मुलीच्या कानात काही सांगितलं. नंतर गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणालीस. ती मराठीतच म्हणाली, "मी बोलली की हा माझा आई आहे." व्याकरण मी सुधारलं नाही. नवरा गाडी चालवत होता, त्यानंही नाही.

निघण्याच्या सकाळी ती मुलगी रडली, लेकही रडली. मी डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली. तिनं मला मिठी मारली आणि सांगितलं की पाय गुडघ्यातून वाकतात ते अजून वाईट आहे, त्यावर काम करा. मी केलं. हिवाळाभर मंगळवार चुकवला नाही. हॉलमध्ये प्रश्न विचारणारी ती बाई एके दिवशी तलावावर भेटली, मग तिनं तिच्या बहिणीला आणलं, मी शेजारच्या रेडिंग गावातल्या माझ्या दोन मैत्रिणींना. आता बायकांचा चांगला गट जमलाय. कुणी बुरखा घालून येतं, कुणी नऊवारी नेसणाऱ्या सासूला घेऊन येतं. नवरा अजून विचार करतोय.

वसंतात लेक तिकडे जाऊन आली. त्या मुलीच्या आईनं तिला सायकलवरून शाळेत पाठवलं, समोरच्या वाऱ्यातून, आणि ती गेली. ती तिकडे होती त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा तलावाची एक पूर्ण लांबी पोहले. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा दम लागला होता, डोळ्यांत क्लोरीन गेलं होतं, आणि शेजारच्या लेनमधल्या आजोबांनी विचारलं, ठीक आहात ना? मी त्यांना सांगितलं की मी आत्ता तिकडून इकडे आले. त्यांना त्यात विशेष काय ते कळलं नसावं. तरी ते म्हणाले, 'वेल डन,' आणि मी श्वास सावरून परत निघाले.