धर्माचा रकाना

सांगलीच्या बाहेर, मिरजेच्या वाटेवर, उसाचं रान मोडून प्लॉट पाडले होते. आम्ही दोघं आमच्या लहान पोरीला घेऊन तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा सात-आठ घरं उभी होती. बाकी नुसते हद्दीचे दगड आणि कुसळं. नळ आला नव्हता. शेजारच्या फौजीच्या परसात रानातली जुनी विहीर होती, तिच्यावरच सगळे पाणी भरत.

सगळेच नवे, त्यामुळे सगळेच एकमेकांना विचारत, "गाव कुठलं तुमचं?" आमचे हे कारखान्यात फिटर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "आटपाडी म्हणून सांग. म्होरचं कुणाला सांगत बसू नगंस." म्होरचं म्हणजे आम्ही बौद्ध होतो. माहेरी मी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहिलेली होते, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. इथं स्वतःच्या हातानं पोहरा सोडताना रोज मी आधी आजूबाजूला बघून घ्यायचे. आज कुणीतरी ओळखेल, असं वाटायचं.

मग जनगणना आली. एका दुपारी एक मास्तरीणबाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. फौजीच्या बायकोनं सोप्यात घोंगडं अंथरलं आणि साऱ्या बायकांना हाक मारली. मी दाराआड लपले होते, पण ती थेट घरात आली. "चला की वैनी, तुमचं ऱ्हायलंय."

बाई एकेकीचं लिहून घेत होत्या. नाव, वय, जन्मगाव. धर्माचा रकाना आला की विचारतही नव्हत्या. "हिंदू" असं पुटपुटत आपणच लिहीत होत्या. माझी पाळी आली. मला काही बोलायचंच नव्हतं. गप्प बसले असते तरी भागलं असतं. त्यांनी पेन टेकवलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "बाई, थांबा. बौद्ध लिहा."

का बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि लिहिलं. कोपऱ्यावरच्या घरातली बाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं आपला पदर ओढून घेतला.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे उंबऱ्यावरच बसले. "आता पोरीला पाणी कुठनं आणायचं?" एवढंच म्हणाले. मग उठून हातपाय धुताना म्हणाले, "लिवलं ते लिवलं."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले नाही. दुपारी घागरीतलं पाणी संपलं तेव्हा जावंच लागलं. फौजीची बायको धुणं धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "विहीर आमच्या मालकांची हाय. ते सुट्टीवर आलं की इचारते. तवर भरा."

तिचा मालक तीन महिन्यांनी आला. ते तीन महिने मी रोज शेवटची घागर म्हणूनच भरली. पोस्टमन त्यांच्या दारात दिसला की फौजीचं पत्र आलं असेल म्हणून मी आधीच घागर भरून ठेवायचे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. उंच, खाकी पँट, पायात बूट. हे कामावर गेले होते. मी पोरीला मागं ओढलं.

"वैनी, तुमची पोरगी पाण्याला येती?"

"व्हय," मी कसंबसं म्हटलं.

"धाडू नका. कठडा ढिला झालाय, पडंल कवातरी. मी बांधून घेतो, तवर तुमीच येत चला."

एवढं बोलून तो गेला. बायकोनं त्याला विचारलं होतं का, त्यानं काय उत्तर दिलं, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

प्लॉट भरत गेले, गल्ल्या झाल्या. कोपऱ्यावरची ती बाई मात्र जनगणनेच्या दिवसापासून आमच्या विहिरीवर आली नाही; नळ येईपर्यंत पार ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची. भर उन्हात डोक्यावर दोन घागरी घेऊन आमच्या दारावरून जायची. ती दिसली की मी हातातलं काम टाकून आत जात असे.