घागरीतला टेलिफोन

"माझाच आवाज मला परत देतोय रं ह्यो! भिमाण्णा, कुठं मेलास?" निपाणीच्या आमच्या तंबाखूच्या पेढीवर मालक आप्पा टेलिफोनवर ओरडत होते. पाठोपाठ यंत्रातून अशी किंकाळी निघाली, की दारातला टांग्याचा घोडा थेट संकेश्वरला जाऊन थांबला. खोटं वाटलं तर घोड्याला विचारा. भिमाण्णा लाइनमन मागच्या महिन्यात खरोखरच गेला, आणि बातमी ऐकताच मला आधी आप्पांची ती आरोळी आठवली...

त्या वेळी आठवडाभर हाच गोंधळ होता. शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर नोकरी गेली समज, असं बेळगावच्या साहेबानं भिमाण्णाला बजावलं होतं. बिचारा बेळगावपर्यंतच्या एकूणएक खांबावर चढला. शेवटी शेवटी माकडं त्याला सरकून जागा देत. दोष नाही. पेढीवर येऊन बोलून बघावं, तर आवाज खणखणीत. त्यानं पाठ फिरवली की पुन्हा किंकाळी.

शनिवारी दुपारी तो आला. मी कारकून, नेहमीसारखं पाणी दिलं. अर्धा तांब्या पिऊन तो थांबला.

"मी पाणी पितोय तवर लाइन बरी ऱ्हातीया. ह्ये पाणी कशातनं आणता वो?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी आढ्याकडे.

त्याचं असं, की आप्पा धरून भाऊ चार, आणि तंबाखूचा दर दुसऱ्या एकट्याच्या कानात पडू द्यायला एकही राजी नाही. म्हणून कानाचा रिसीव्हर तांब्याच्या घागरीत सोडायचा आणि घागर बोलायच्या नळीशेजारी ठेवायची, म्हणजे दर चौघांनाही ऐकू येई. पाहुणा असो की भिमाण्णा, कुणी आलं की भावाभावांतल्या ह्या संशयाची अब्रू झाकायला तीच घागर घेऊन मी पाणी आणायला आडावर पळायचो. दोष तिच्यात असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

भिमाण्णानं घागर रिकामी करून रिसीव्हर आत सोडला. किंकाळी. बाहेर काढला. शांत.

"आप्पा, आवाज घागरीत घुमतोय आन् परत नळीत शिरतोय. तार काय करंल?"

"लई शाणा हाईस. घिऊन जा ती घागर, हितं पुन्यांदा दिसाय नको."

नोकरी वाचली. घागर डोक्यावर घेऊन भिमाण्णा असा निघाला, की बघणाऱ्याला वाटावं, गावची पाटीलकीच मिळाली.

परवा त्याच्या घरी बसायला गेलो. घागर कोपऱ्यात, घासूनपुसून लखलखीत. राहवेना. वाकलो, तोंडाशी तोंड नेऊन हाक मारली, "भिमाण्णा..." काहीच परत आलं नाही. पुन्हा मारली.

"तांदूळ भरल्यात त्यात," त्याची बायको म्हणाली.