दौलताबादच्या गोठ्यातले मुके ट्रेलर

सुट्टी मागायला गेलो तर सुपरवायझरनं विचारलं, "किसलिए?" म्हटलं, "लडकी देखने." तो हसला आणि म्हणाला, "वापस तो आएगा ना?"

हा प्रश्न मला सगळीकडंच विचारतात. मी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर आहे. त्याआधी वाळूज, चाकण, सिल्वासा आणि मधे थोडे दिवस सुरत. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. काम वाईट नसतं, पण ओळखीचं झालं की कंटाळा येतो. घरच्यांनी याच्यावर एक औषध शोधलं, ते म्हणजे लग्न. मुलगी दौलताबादची. चला म्हटलं, त्या निमित्तानं गावाकडं चक्कर होईल.

मोरबीहून अहमदाबाद आणि तिथून छत्रपती संभाजीनगरची स्लीपर बस. संध्याकाळी बसलं की सकाळी उतरायचं. भाडं हजाराच्या आसपास, सणासुदीला ते म्हणतील तेवढं. शेवटचा बर्थ घेऊ नका, प्रत्येक खड्ड्याला डोकं छताला लागतं. मी खालचा घेतला, कानात वायर घातली आणि जुन्या पिच्चरचे ट्रेलर लावले. समोरच्या बर्थवरचे काका बराच वेळ डोकावून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "कव्हाचं नुसतं येणार-येणार चाललंय. पिच्चर कधी लागणार?"

"काका, हाच पिच्चर."

त्यांनी पडदा ओढून घेतला.

माझं हे वेड समजायला आमचे आबा माहीत पाहिजेत. आबा गुलमंडीजवळच्या एका टॉकीजला डोअरकीपर होते. टॉकीज गरीब, नवा पिच्चर परवडायचा नाही, सगळे जुनेच लागायचे. मालकाचा नियम होता की डोअरकीपरच्या पोरानं फुकट पिच्चर बघायचा नाही. ट्रेलरबद्दल मालक काही बोलला नव्हता. मग आबा मला दाराच्या पडद्याला चिकटून उभं करायचे. शेवटचा ट्रेलर संपला की आबा तो पडदा वर धरायचे आणि खांद्यावर हात पडायचा, "चल, भायेर." असे माझे शेकडो पिच्चर सुरू झाले आणि संपला एकही नाही.

पण खरं सांगू? काहीच गमावलं नाही. जुन्या ट्रेलरमध्ये एक भारदस्त आवाज असायचा, विहिरीतून आल्यासारखा. "जब बहन की चूड़ी टूटी... तो हवेली की ईंट-ईंट बोल उठी!" मग अक्षरं पडद्यावर आपटायची, लाल, पिवळी, आग लागलेली. घोडा, आई, देवळाची घंटा, जीप दरीत, हिरॉईन पाण्यात. काही लपवाछपवी नाही. भाजीवाल्यानं टोपली उलटी करून दाखवावी तसं. हल्लीचे ट्रेलर बघा. अंधार, एक धप्प आवाज, परत अंधार. कोण कुणाचा भाऊ आहे ते कळत नाही.

तर सकाळी सिडको स्टँडला उतरलो. तो दिवस घरीच गेला. संध्याकाळी शहागंजकडं जाऊन मटणाचा नान खलिया खाल्ला. तुम्ही जाल तेव्हा लवकर जा, उशिरा गेलं की नुसता रस्सा उरतो.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. मध्यवर्ती स्टँडवरून बस आहे, काळी-पिवळी जीपही मिळते. जीप भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा घाई असेल तर बसच बरी. मुलीच्या घरी अकराला जायचं होतं, म्हणून मी पुढं निघून आधी किल्ला करून घेतला. तिकीट किरकोळ आहे. पाणी न्या, टॉर्च न्या आणि पांढरा शर्ट घालू नका. वरच्या वाटेवर अंधारी म्हणून काळाकुट्ट बोगदा आहे आणि त्यात वटवाघळांची वस्ती. मी नेमका बघण्याच्या कार्यक्रमाचा शर्ट घातला होता. खाली फाट्यावर माय-आबा भेटले. मायनं खांद्याकडं बघितलं.

"हे काय रे सोम्या?"

"वटवाघूळ."

"पोरगी बघायला चाललास का भुतं?" असं म्हणत तिनं हिरवा पदर ओला करून खांदा इतका घासला की पांढऱ्याचा हिरवा झाला.

मुलीचे वडील रामभाऊ काका हे त्याच टॉकीजचे ऑपरेटर. म्हणजे केबिनमध्ये ते आणि दारात आबा, आयुष्यभराची दोस्ती. आता काका पेरूची बाग बघतात. टॉकीज बंद पडलं तेव्हा पिच्चर दाखवायचं एक मशीन भंगारात निघालं, ते काकांनी उचलून आणलं आणि गोठ्यात बसवलं. आत एलईडी बल्ब, बाजूला फिरवायला दांडा. आवाज नाही. त्यांच्याकडं फिल्लम म्हणजे ट्रेलरचे उरलेले तुकडे, एकाला एक जोडलेले.

आम्ही टेकलो नाही तोच काका म्हणाले, "पोहे होईस्तोवर चला, मजा दावतो."

काकू चुलीपासून ओरडल्या, "आवो, पाव्हण्यास्नी बसू तरी द्या!" पण काका ताडपत्री ओढून मोकळे. समोर पडदा म्हणून धोतराचं पान, बाजूला बांधलेली गाय. सगळे खाली पोत्यावर बसले. मुलगी, वैशाली, दाराजवळ. ती वाळूजला कंपनीत लाईनवर आहे, त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

काकांनी दांडा फिरवला. धोतरावर जीप आली, घोडा आला, अक्षरं आपटली. सगळं मुकं. आणि मला ते पाठ. राहवलं नाही. पोटातून आवाज काढला, "एक भाई... जो आँधी था! एक भाई... जो दिया था!" गाय हंबरली, ती बरोबर आईच्या जागेवर. काका हसून हसून दांडा हळू फिरवायला लागले, तसा घोडा पाण्यात चालल्यासारखा दिसायला लागला. मीही आवाज लांबवला. तीन-चार ट्रेलर असे मारले.

आणि शेवटचा तुकडा संपला. धोतर पांढरं झालं. आबा उठले, दाराशी गेले आणि ताडपत्री एका हातानं धरून उभे राहिले. मीही उठलो आणि त्यांच्या हाताखालून सरळ बाहेर चालत गेलो. चप्पल घातली. आंगण ओलांडून पेरूच्या बागेपर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की अरे, आपण कुठं चाललोय?

आमच्याकडं पोह्यांच्या आधी पोरगा उठून गेला, तर त्याचा अर्थ एकच असतो. मागं काकू पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मायला म्हणाल्या, "पसंत नव्हती तर तोंडानं सांगायचं. असं चप्पल घालून जायाचं म्हंजी लई झालं."

माय माझ्या नावानं शंख करत होती. आबा मात्र अजून ताडपत्री धरूनच उभे.

माझ्यामागं वैशाली आली. "निघालात व्हय?"

"नाही हो! ट्रेलर संपला की आम्ही बाहेर जातो." हे बोललो आणि मलाच ते किती येडपट वाटलं. मग टॉकीजचं सगळं सांगितलं.

ती हसली नाही, विचारात पडली. "मी केबिनच्या भोकातून बघायचे. मशीनची इतकी घरघर की ऐकू कायबी यायचं नाय. ट्रेलरची ती मोठी अक्षरं यायची ना, त्याच्यावरच वाचायला शिकले मी. आवाज असाच असायचा का?"

"असाच. फक्त गाय नसायची."

आता हसली. आत जाऊन तिनं सांगितल्यावर काका तर पोत्यावर लोळायचेच बाकी राहिले. "आबा, सोडा ती ताडपत्री!" पण काकू हसल्या नाहीत. पोहे माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "समद्या कंपन्यांतून बी असाच उठून जातो म्हणं. आज सवय म्हणून उठला, उद्या काय म्हणून उठंल?"

पोहे चांगले होते. मी मान खाली घालून दोनदा घेतले. निघताना काकू म्हणाल्या, "विचार करून कळवतो." हे शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना त्याचा अर्थ माहीत आहे.

मला मात्र ती पसंत होती. तिसऱ्या दिवशी गुलमंडीत मायबरोबर कापड घेत फिरलो, पण डोकं बागेतच होतं. संध्याकाळची बस धरली. निरोप काही आला नाही.

मोरबीला पोचून दोन दिवस झाले आणि वैशालीचा व्हिडिओ आला. धोतरावर एक ट्रेलर, मुका. खाली फक्त, "आवाज टाका." मी भट्टीच्या मागं जाऊन आवाज टाकला आणि पाठवला. तेव्हापासून हेच चाललंय. मधे एका ठेकेदारानं राजकोटला जास्त पगाराचं काम सांगितलं. एरवी मी संध्याकाळपर्यंत बॅग भरली असती. या वेळी नाही म्हणालो. काकूंना ते कळावं असं वाटत होतं, पण सांगणार कसं? मीच माझं सांगितलं तर तो ट्रेलरच झाला.

काल नवा व्हिडिओ आला. एक बहीण रडतेय, भाऊ बोटीत बसून चाललाय, अक्षरं आपटली, धोतर पांढरं झालं. वैशाली मोबाईल बंद करायला विसरली असावी. मागून काकूंचा आवाज आला, "अगं, त्यो भाऊ माघारी येतो का नाय?"

"मला काय माहीत, आई?"

"मग जावयाला विचार की."

तो पिच्चर मी बघितलेला नाही, पण आज सुट्टी टाकून शोधून बघणार आहे, शेवटापर्यंत.