माईकवाली

माईक माझ्या हातात होता. कॉर्डलेस, काळा, जड. व्याख्यान संपलं की प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत तो न्यायचा, प्रश्न झाला की परत घ्यायचा. एवढंच काम.

आमच्या विभागाची ग्रुप थिअरीवरची परिषद होती. मी तिथली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, सकाळी उद्घाटनाला मला अँकरिंगवर उभं केलं आणि दुपारी माईकवर.

पडद्यावर माझा सिद्धांत होता. बोलत होता ऋषीकेश. सरांचाच दुसरा विद्यार्थी. पहिल्या स्लाईडवर दोन नावं होती, सरांचं आणि त्याचं.

व्याख्यान संपलं. तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. चेन्नईहून आलेल्या वयस्क बाई, पांढरे केस, सुती साडी. परिषदेच्या सगळ्यात मोठ्या पाहुण्या. मी माईक नेऊन दिला. त्यांनी इंग्रजीत, अगदी हळू विचारलं, "पी दोन असेल तर काय?"

ऋषीकेशने सरांकडे पाहिलं. सर पहिल्या रांगेत, पाठमोरे. त्यांनी मान हलवली.

"तेही तसंच होतं," ऋषीकेश म्हणाला. "ट्रिव्हियल आहे."

तसंच होत नव्हतं. त्या हॉलमध्ये हे मलाच सगळ्यात पक्कं माहीत होतं, कारण त्या जागेवर मी सगळा उन्हाळा अडकून पडले होते.

बाईंनी माईक परत दिला. देताना माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलले असावेत.

"तुला काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माईक चालू होता. माझा श्वास अख्ख्या हॉलला ऐकू गेला. फक्त श्वास.

सर मागे वळले. हसले. "नो, नो, मॅडम. शी इज ओन्ली अवर माईकवाली."

हॉल हसला. कोणी वाईट हेतूने हसलं नाही, जेवणानंतरचं सत्र होतं, लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. ऋषीकेश सुटल्यासारखा हसला. मग सर मला मराठीत म्हणाले, "चल चल, मागे हात वर आहे कोणाचा तरी. लवकर."

मी मागे गेले. माईक दिला. पुढचा प्रश्न काय होता, आठवत नाही.

आमचं घर कोराडीला. वीज केंद्राच्या कॉलनीत. बाबा कोळसा हाताळणीत कामाला. आमच्याकडे वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी पांढरे राहत नाहीत, राख बसते. तरी बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. नागपूरला. पहाटेची बस, दोन वेण्या, टाय. छप्पन्नला दीक्षा घेतलेले माझे आजोबा म्हणायचे, "पोट्टीले असं इंग्रजी आलं पाह्यजे, का समोरचा चूप बसला पाह्यजे." इंग्रजी आलं. चूप बसायला मात्र मीच शिकले. शाळेत कोणी विचारलं, कुठं राहतेस, तर मी 'कोराडी रोड' म्हणायचे. आडनाव विचारलं तर पहिलं नाव सांगायचे. घरी 'मले', शाळेत 'मला', वर्गात इंग्रजी. तिन्हीकडे कमीत कमी बोलायचं.

गणितात बोलावं लागत नाही, म्हणून मला गणित आवडलं. हे फार उशिरा कळलं, की गणितातही शेवटी कोणीतरी उभं राहून बोलतंच.

सिद्धांत काय होता ते सांगते. काही समूहांमध्ये घटकांची संख्या एकाच मूळसंख्येचा घात असते. तीन, नऊ, सत्तावीस, असे. त्या मूळसंख्येला पी म्हणतात. अशा समूहांबद्दल मी एक गोष्ट सिद्ध केली होती. एकच अट होती. पी विषम हवा. म्हणजे दोन चालणार नाही. कारण आठच घटकांचा एक लहानसा समूह आहे, क्वाटर्नियन म्हणतात त्याला. तो बाकीच्या सगळ्या अटी नीट पाळतो आणि माझा निष्कर्ष खोटा पाडतो. त्याच्यावर मी एक पूर्ण पान लिहिलं होतं. ते पान मला सिद्धतेपेक्षा जास्त आवडायचं.

हे सगळं लिहून मी सरांना दिलं. त्यांनी आठवडाभर ठेवलं. मग बोलावलं.

"चांगलं आहे," सर म्हणाले. "हे परिषदेच्या प्रोसिडिंग्जमध्ये जाईल. ऋषीकेश मांडेल."

मी उभी होते.

"त्याची मुलाखत आहे. पेपर नसेल तर त्या मुलाला कोण घेणार? ओपनवाल्याचं काय असतं, तुला नाही कळायचं. तुला तर आरक्षण आहे. तुला काय कमी?"

मी विचारलं, "सर, तिघांची नावं?"

एवढेच तीन शब्द. तीन वर्षांत त्यांना मी स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट असेल.

आता गणितातली एक रीत सांगायला हवी. बाकी शास्त्रांमध्ये मोठ्याचं नाव कुठे, धाकट्याचं कुठे, यावर भांडणं होतात. आमच्यात होत नाहीत. नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. सर पहिल्या वर्षाच्या मुलांना हे अभिमानाने सांगायचे. गणितात लोकशाही आहे, म्हणायचे.

माझं आडनाव इंग्रजी वर्णमालेत सुरुवातीलाच येतं. सरांचं खूप मागे.

सर खुर्चीत मागे रेलले. "तुझं नाव टाकलं तर तूच पहिली येशील," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला वाटेल, मुख्य काम तुझंच आहे."

मुख्य काम माझंच होतं. हे वाक्य माझ्या घशात तयार होतं, आजही आहे.

"पुढच्या वेळी बघू," सर म्हणाले. "आणि हे टाईप करून दे. तू कॉन्व्हेंटची. ऋषीकेशचं इंग्रजी जरा रांगडं आहे."

बाबांनी ओव्हरटाईम करून दिलेल्या इंग्रजीचा असा उपयोग झाला. मी माझाच पेपर दुसऱ्यांच्या नावाने टाईप केला. एकही स्वल्पविराम चुकू दिला नाही.

परिषदेच्या दिवशी स्लाईडवर अट नव्हती. टाईप करताना मी घातली होती, क्वाटर्नियनच्या पानासकट. संध्याकाळी, पाहुण्यांना गाडीत बसवून झाल्यावर, मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, दोनला चालत नाही." ते म्हणाले, "पानांची मर्यादा आहे, म्हणून ऋषीकेशने ते पान काढलं. अट काढली की विधान कसं सुटसुटीत दिसतं. प्रुफाच्या वेळी बघू."

प्रुफं माझ्याकडे आली नाहीत.

वर्षभराने प्रोसिडिंग्जचं पुस्तक आलं. निळं, जाड कव्हर. विभागातल्या सगळ्यांना एकेक प्रत मिळाली, मलाही. मी ती बॅगेत घालून कोराडीच्या बसमध्ये बसले आणि वाटेत उघडली नाही. घरी टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेले. चूक झाली.

बाहेर आले तर बाबा चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून एकेक पान बघत होते. बाबांना इंग्रजी सावकाश येतं, पण माझं नाव ते कुठूनही शोधून काढतात. आमच्या पेपरच्या शेवटच्या ओळीत त्यांना ते सापडलं. आभार. लेखक अमुक हिचे काळजीपूर्वक टायपिंगबद्दल आभारी आहेत.

"हे पाय!" बाबा ओरडले. "वं, इकडे ये. पोट्टीचं नाव छापून आलं!"

आई पिठाच्या हातांनी आली. पुस्तकाला हात लावला नाही, वाकून पाहिलं. "कुठं जी?"

"हे का. खाली."

"लहान काहून हाय बाकीच्यायपरीस?"

"पुस्तकात तसंच असते," बाबा म्हणाले. मग मला विचारलं, "टायपिंग म्हणजे तूच लिहिलं ना हे सारं?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक त्यांच्या डब्याच्या पिशवीतून प्लांटमध्ये गेलं. कँटीनमध्ये फिरलं. त्या पानात त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा खूण म्हणून घातला होता. शेजारचे काका घरी येऊन म्हणाले, "बाप्पा, आता तं तू सायंटिस्ट झाली." मी हसले. आईने चहा टाकला.

हॉलमधलं हसणं मी सहन केलं होतं. बाबांचा आनंद सहन होत नव्हता.

मग या पावसाळ्यात सरांनी पुन्हा बोलावलं. ऋषीकेशही बसला होता. तो आता एका कॉलेजात लागला आहे, कायम. सरांच्या टेबलावर त्या चेन्नईच्या बाईंचं पत्र होतं. दोन ओळींचं. तुमचं विधान क्वाटर्नियन समूहाला लागू पडत नाही, कृपया शुद्धिपत्र द्यावं.

"देऊन टाकू," सर म्हणाले. "पुढच्या खंडात अर्धं पान. तू लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे. लिही, की टायपिंगमध्ये अनवधानाने अट गळली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

पुस्तकात टायपिंगच्या पुढे एकच नाव आहे.

म्हणजे सिद्धांत त्यांचा. चूक माझी. आणि ती माझीच आहे हे मीच, चांगल्या इंग्रजीत, लिहून द्यायचं. माझं नाव गणितात जिथे जिथे पोचेल तिथे ते असं पोचेल, की ही ती मुलगी, जिने अट गाळली. जी अट मी सगळा उन्हाळा शोधली.

ऋषीकेश खिडकीकडे बघत म्हणाला, "अगं, फॉर्मॅलिटी आहे. कोण वाचतं शुद्धिपत्र?"

"मी वाचते," मी म्हटलं.

सरांनी वर पाहिलं.

मी हात ओढणीत घेतले. "सर, अट मी घातली होती. पान मी लिहिलं होतं. ते काढलं गेलं. मी हे लिहिणार नाही."

मी धाडसी वगैरे नव्हते. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर येऊ नये एवढीच माझी खटपट चालली होती.

"थिसिसच्या सिनॉप्सिसवर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?" सर शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "तुम्हा लोकांसाठी एवढं केलं तरी कमीच. जा, विचार कर."

मी विचार केला. काय करणार? तक्रार कोणाकडे करायची, समितीत तेच आहेत. गाईड बदलायचा अर्ज दिला, तो त्यांच्याच शिफारशीसाठी त्यांच्याच टेबलावर गेला. फेलोशिप संपत आली आहे. हस्तलिखित सरांनी परत दिलं नाही, टाईप केलेलं विभागाच्या संगणकावर होतं, तेही आता तिथे नाही. शुद्धिपत्र माझ्याशिवायही निघेल, कदाचित निघालंही असेल, माझ्या टायपिंगच्या नावानेच. हे मी थांबवू शकत नाही. एवढं स्पष्ट लिहून ठेवते. थांबवू शकत नाही.

एक काम मात्र माझ्याच हातात होतं, आणि ते सगळ्यात अवघड होतं. त्या रविवारी बाबा पुस्तक काढून कोणा नव्या माणसाला दाखवायला निघाले. मी दारात उभी राहिले.

"बाबा, ते पान कोणाले दाखवू नका आता."

"काहून वं?"

मी सांगितलं. सगळं. माईकवालीसकट. आमच्या बोलीत सांगितलं, इंग्रजी एक शब्द न घालता, आणि पहिल्यांदाच ते सगळं किती साधं आहे हे मला ऐकू आलं. दुसऱ्याचं घेतलं, आणि वरून चूक तिच्यावर टाकली. बाबांना ग्रुप थिअरी येत नाही. हे त्यांना लगेच आलं.

त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा पानातून काढला. पुस्तक मिटलं.

"मी साऱ्या कँटीनले दाखवलं," ते म्हणाले. बस, एवढंच. बूट न घालता पलंगावर बसून राहिले.

माझ्या बाबांची मान खाली गेलेली मी तेव्हा पाहिली. सरांनी ती खाली घातली, आणि ते त्यांना कधी कळणारही नाही. त्या क्षणी माझ्यातली भीती गेली असं नाही. ती आहे. पण तिच्याहून जड काहीतरी येऊन बसलं, आणि ते हलत नाही.

पेपर मी पुन्हा लिहिला आहे. आठवणीतून. अटीसकट, पानासकट. वर एकच नाव आहे, आडनावासह, पूर्ण. कोणी छापेल की नाही, माहीत नाही. सिद्धांत आधीच त्यांच्या नावाने छापून आलाय, त्यामुळे बहुतेक नाहीच.

थंडीत पुन्हा परिषद आहे. तोच हॉल. ऋषीकेश तोच विषय पुढे नेणार आहे, विभागाच्या फलकावर लागलंय. काल ऑफिसमधून निरोप आला, यंदाही माईक तूच सांभाळ. मी नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसणार आहे. व्याख्यान संपलं की हात वर करीन. आवाज फुटणार नाही कदाचित, घसा माझा मला माहीत आहे. तरी उभी राहीन. माईक कोणी आणून दिला नाही तर विनामाईक विचारीन. हसले तर हसणं थांबेपर्यंत उभी राहीन, आणि पुन्हा विचारीन.

पी दोन असेल तर काय?

आणि या वेळी उत्तरही मीच देईन.