राहिलेले दोन डोस

तिचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी मी नुकतीच खेड्यावरून लसीकरण करून आले होते, पायातली चप्पलही काढली नव्हती, आणि माझी शेजारीण फाईल घेऊन दारात उभी राहिली. उजवा हात अंगाशी धरलेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"तपासणीचा कागद आला," ती म्हणाली. "वाच आन् सांग."

मंठ्यात आम्ही शेजारणी होतो. एकाच वाड्यातल्या जोडखोल्या, मधे एक भिंत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी आरोग्य खात्यात नर्स. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, दोघी चाळिशीच्या पुढे गेलो होतो. छातीतली गाठ तिने सगळ्यात आधी मलाच दाखवली होती. मी हात लावून पाहिला आणि म्हणाले, उद्याच जालन्याला जा. तिथून औरंगाबादला पाठवलं आणि तिथे उजवा स्तन काढला. एवढं सगळं महिनाभरात झालं.

मी फाईल उघडली. इंग्रजीत टाइप केलेली दोन पानं. त्यातले अर्धे शब्द मला लागत नव्हते. माझं काम बाळंतपणं, पोलिओचे डोस, गोळ्या वाटणं. पण ते मी बोलले नाही. पानं उलटली आणि म्हणाले, "काखेतल्या गाठींतपण सापडलंय म्हणतात. डॉक्टरांना भेटावं लागेल."

"तू येशील ना?"

"येईन."

तिचे मालक, ती आणि मी, तिघं सकाळच्या एसटीने औरंगाबादला गेलो. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी सांगितलं, दिसत होतं तेवढं काढलं आहे. पण काखेत पोचलं होतं, म्हणून केमोचे सहा डोस द्यावेत, दर तीन आठवड्यांनी एक. त्यानंतर पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. मग गोळ्या, पाच वर्षं.

"आन् न्हाई घेतलं तर?" तिने विचारलं. वर्गात विचारावं तसं, सरळ.

"काही होणारही नाही कदाचित. किंवा दोन वर्षांत परत येईल. तुमच्या बाबतीत काय होईल ते मला सांगता येत नाही. घ्यावं असं माझं मत आहे. ठरवायचं तुम्ही."

बाहेर आल्यावर तिचे मालक म्हणाले, "ताई, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही म्हणाल तसं करू." आणि ते चहा आणायला निघून गेले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. ते दोनच चहा घेऊन आले, स्वतःचा आणायचा विसरले होते.

पुढचे आठ दिवस तिच्या घरात माणसांची रीघ लागली. तिच्या नणंदेला भोकरदनकडचा कोणी झाडपाल्याचं औषध देणारा माहीत होता. शाळेतले सर म्हणाले, केमोने माणूस जल्दी खचतं. एक बाई सांगून गेली की तिच्या भावजयीने काहीच घेतलं नाही आणि ती बिलकुल ठणठणीत आहे. माझी मैत्रीण सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि माणसं गेली की भिंतीवर दोन थापा मारायची. मग मी जायचे.

एका रविवारी मी तिला म्हणाले, तुझ्या मनात जे जे आहे ते सांग, मी लिहून घेते. लसीकरणाच्या कोऱ्या तक्त्याच्या पाठीमागे मी लिहीत गेले. डोस जालन्यात घेता येतील का. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबलं तर चालेल का. या हाताने फळ्यावर लिहिता येईल का. केस सगळे जातात का. शेवटचा प्रश्न तिने हळू आवाजात सांगितला: मुलीला पुढे होईल का.

तो कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी एकेक प्रश्न वाचून उत्तर दिलं. जालन्यात घेता येतील. थांबू नका. हाताचे व्यायाम करा, पण वजन उचलू नका. केस जातात, परत येतात. मुलीबद्दल ते म्हणाले, तिने मोठी झाल्यावर तपासत राहावं, आज काळजी करून उपयोग नाही. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बदनापूर मागे पडल्यावर म्हणाली, "घेते."

पहिले दोन डोस तिने रेटले. डोक्याला रुमाल बांधून शाळेतही गेली. तिसऱ्यानंतर तोंड इतकं आलं की भाकरी दुधात कुस्करूनही गिळवेना. ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, चौथा डोस पुढे ढकलला. मी तिच्यासाठी रजा काढून काढून थकले होते. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर माझ्यावर चिडलेले, माझ्या घरातली माणसं कुरकुरायला लागलेली. अशात एक दिवस ती म्हणाली, "मी बंद करून राह्यले. बस झालं."

"अर्ध्यात? डॉक्टरांनी सहा सांगितलेत."

"मला न्हाई होत."

"मंग मला विचारत जाऊ नकोस," मी म्हणाले. "तुला करायचं तेच कर."

असं मी आजारी माणसाला बोलले. तीन दिवस भिंतीवर थाप पडली नाही. चौथ्या दिवशी मीच गेले. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती.

"तुला वाटतं मी भ्याले," ती म्हणाली. "भ्याले न्हाई. थकले."

मी तिच्या पायाशी बसले. "मला यातलं काही कळत नाही. पहिल्या दिवशी तो कागद आणलास ना, तोसुद्धा मला धड वाचता आला नव्हता."

"माहीत होतं की मला. तू पोलिओवाली सिस्टर." ती जराशी हसली, तोंड दुखत असल्यामुळे लगेच थांबली. "पण दुसरं कोन होतं?"

मग आम्ही ठरवलं की बंद करायचं ते डॉक्टरांना तोंडावर सांगून करायचं. ते रागावले नाहीत. त्यांनी मात्रा कमी करून चौथा डोस घेऊन बघायला सांगितलं, तेवढा तिने घेतला. त्यानंतर तिने हात जोडले. "यापुढं न्हाई, साहेब. शेक घेते, गोळ्या घेते." डॉक्टर म्हणाले, सहा झाले असते तर बरं होतं. मग त्यांनी फाईलीत काहीतरी लिहिलं आणि शेकाची चिठ्ठी दिली. शेकासाठी ती पाच आठवडे औरंगाबादला चुलत बहिणीकडे राहिली. मला रजा उरली नव्हती. एकदाच जाऊन आले.

पुढच्या जूनमध्ये ती शाळेत रुजू झाली. केस आले, आधीपेक्षा कुरळे. हाताला मात्र सूज राहिली. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात जायचा नाही, म्हणून ती खालच्या अर्ध्यातच लिहायची आणि मुलांनाही ते सवयीचं झालं. गोळ्या तिने पाच वर्षं एकही दिवस न चुकवता घेतल्या. माझी बदली परतूरला झाली, तरी तपासणीला आम्ही बरोबरच जातो. आतापर्यंत काही निघालेलं नाही.

मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना तिने विचारलं, "ते दोन डोस राहिले, त्यानं काय फरक पडला असंल गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. आत कुणाचा तरी एक्स-रे वाचला जात होता. आमच्या पुढे अजून सहा-सात बाया होत्या. त्यातली एक आमच्या बाकाच्या कडेला येऊन टेकली, तिच्या मांडीवर नवी कोरी फाईल होती. माझ्या मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून तिला नीट बसायला जागा करून दिली.