कोरडी झालेली गाडी

आमच्या शेजारच्या घराच्या मागच्या अंगणात एक जुनी कॅम्पर गाडी उभी असायची. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोलीच: आत बिछाना, वीतभर ओटा, घडीचं टेबल आणि दोन्ही अंगांना खिडक्या. त्या गाडीत सीटकव्हरवाल्या काकू राहायच्या. उभा जन्म बसगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत.

नवरा गेला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, एकटी कशाला राहतेस? ही राहती जागा विकून टाक. मोठं घर घेऊ, सगळे एकत्र राहू." काकूंनी सही केली. घर खरंच मोठं झालं. नवराबायकोला खोली, नातीला खोली, सुनेच्या ऑफिसच्या कामाला खोली, इतकंच काय, इस्त्रीलासुद्धा एक खोली निघाली. आईची खोली तेवढी निघाली नाही. मग मुलाने कुठूनशी ही गाडी आणून अंगणात लावली. "तुझं तुला स्वतंत्र राहता येईल. कुणाची कटकट नाही," म्हणाला.

"खरंय," काकू मला म्हणाल्या. "जिथे माणूसच फिरकत नाही, तिथे कटकट कोण करणार?"

गाडी गळायची. पाऊस झाला की बिछान्याकडच्या खिडकीखालची भिंत ओली व्हायची. उशीला कुबट वास येई, गादीची कड काळी पडत चालली होती. काकूंनी दोनतीनदा सांगितलं, तेव्हा मुलाने एका सुट्टीच्या दिवशी फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी आणली, खिडकीभोवती बाहेरून जाडजूड रेघ ओढली आणि हात पुसत म्हणाला, "झालं काम." पुढच्या पावसात आधीपेक्षा जास्त पाणी आलं.

"आई, तो घाम आहे काचेचा," मुलगा दारातूनच म्हणाला. "तू आत चहा करतेस, खिडक्या उघडत नाहीस. वाफ साचते."

सूनबाई मागे उभी होती. "या वयात गारवा जरा जास्तच जाणवतो, आई," ती म्हणाली. तिने एक जाड पांघरूण दिलं आणि विषय संपवला.

काकूंनी पांघरूण घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कुंपणावरून मला हाक मारली. "घाम काचेवरून ओघळतो गं, भिंतीच्या पोटात शिरत नाही. मी जन्मभर शिवण बघितलीय. पाणी एका टाक्यातून शिरतं आणि भलतीकडेच तोंड काढतं. तुझी बागेची नळी घेऊन ये."

त्यांनी खिडकीची आतली चौकट स्क्रू काढून सोडवली आणि कडेकडेने कोरडे कागद दाबून बसवले. मी बाहेर नळी धरून उभी राहिले. मी सवयीने वरून पाणी सोडायला गेले, तर आतून ओरडल्या, "आधी खाली धर. वरून सोडलंस तर सगळंच भिजेल, मग चोर कुठला ते कळायचं कसं?"

खालच्या कडेला बराच वेळ पाणी सोडलं. कागद कोरडे. बाजूंना सोडलं, तरी कोरडे. वरच्या कडेला धार लागली तशी त्यांनी काचेवर टकटक केली. वरच्या बाजूचा, फट भरणारा जुना मसाला वाळून तडकला होता, त्यावरचं नवं सिलिकॉन सुटलं होतं आणि पाणी तिथूनच आत घुसत होतं.

मग त्या चष्मा लावून बाहेर आल्या. खालच्या कडेवरचं मुलाने फासलेलं सिलिकॉन नखाने उचकटलं, तर त्याखाली चौकटीला बारीक भोकं निघाली. काकू तिथेच खाली बसल्या.

"हे बघ. कुठून थोडं पाणी शिरलंच तर बाहेर पडावं म्हणून ही भोकं ठेवलेली असतात. आमच्या शहाण्याने नेमकी तीच बुजवली. बाहेरची वाट बंद केली, मग पाणी माझ्या गादीवर नाही येणार तर कुठे जाणार?" त्या हसल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

हमरस्त्यावर गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, मागेच त्याचं वर्कशॉप. मालकाला सगळे मिशीवाला म्हणत. काकूंनी तिथे जाऊन अडचण सांगितली, तसं त्याने विचारलं, "करणार कोण?" काकू म्हणाल्या, "मी." त्याने त्यांच्या हातांकडे एकदा बघितलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. वरून काही फासू नका, खिडकी अख्खी काढा, लाकूड वाळू द्या, मग चौकटीखाली रबरी चिकट पट्टी लावून ती परत बसवा.

मुलाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "मोडून ठेवशील."

"मोडली तर भिजणारी मीच ना?" काकू म्हणाल्या.

आम्ही दोघींनी मिळून खिडकी उतरवली. खालच्या कोपऱ्यातलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं, बोट रुतत होतं. तेवढा भाग काकूंनी कापून काढला आणि तिथे नवा तुकडा बेतून बसवला. आठवडाभर तिथे पंखा लावून ठेवला. जुना मसाला तर त्यांनी इतक्या चिकाटीने खरवडला की मी कंटाळून घरी गेले आणि जेवून परत आले, तरी त्यांचं चालूच होतं. पट्टी लावून खिडकी बसवली, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळले. बाहेर आलेली पट्टी त्यांनी कापून टाकली. खालची भोकं काडीने मोकळी केली.

त्यानंतर मोठा पाऊस झाला. सकाळी काकूंनी मला बोलावलं, माझा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत कोरडी ठणठणीत होती. गाडीत राहायला आल्यापासून एवढं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. गादीला, उशांना त्यांनी नवी कव्हरं शिवली, पडदे लावले.

एका संध्याकाळी मुलगा आला, बिछान्यावर बसला, चहा मागून घेतला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "मानलं तुला, आई." बराच वेळ बसला होता.

"मला वाटलं माझ्यापाशी बसलाय," काकूंनी मला नंतर सांगितलं. "तो गाडी बघत होता."

चारआठ दिवसांनी तो म्हणाला, "हिच्या आईवडिलांना जरा फिरवून आणावं म्हणतोय. गाडी आता नेण्यासारखी झालीय. तोवर तू इस्त्रीच्या खोलीत झोप."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"आम्ही येईपर्यंत गं. लगेच काय धरून बसतेस?"

ते गेले, मजेत फिरून आले. विहीणबाईंनी कव्हरांचं तोंडभरून कौतुक केलं, कुठून आणली विचारलं. काकू आपलं सामान परत गाडीत न्यायला निघाल्या, तर सूनबाई म्हणाली, "असू द्या ना, आई. पुढच्या महिन्यात परत जायचंय, कशाला उगीच चढउतार?" पुढच्या महिन्यानंतर त्याच्या पुढचा महिना आला. मग मुलाचे मित्र गाडी मागून नेऊ लागले. काकूंच्या पिशव्या इस्त्रीच्या टेबलाखाली तशाच राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही.

मग एका दुपारी मुलाचा एक मित्र सहकुटुंब आला होता. सगळे अंगणात गाडीभोवती उभे होते. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. मी कुंपणापाशीच होते.

"ही खिडकी कुणाकडून करून घेतलीस?" मित्राने विचारलं. "आमचीही गळते."

"कुणाकडून कशाला? मीच केली," मुलगा म्हणाला. "अवघड काही नाही त्यात."

काकूंनी ट्रे मागच्या दारापाशी ओट्यावर ठेवला. "मग खालची भोकं कशाची ते सांग त्यांना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

मित्र मुलाकडे बघत राहिला. मुलाने खिडकीकडे बघितलं, मग तोंड फिरवून म्हणाला, "आई, तू आत जा बरं जरा."

काकू आत गेल्या आणि सामान आवरायला लागल्या. मिशीवाल्याने मागेच त्यांना विचारलं होतं, वर्कशॉपमध्ये गाद्या शिवायला आणि खिडक्या बसवायला माणूस हवंय म्हणून. वर्कशॉपच्या माडीवर एक खोलीही रिकामी होती. काकू तिथे राहायला गेल्या. मुलाने अडवलं नाही. "आईला स्वस्थ बसवत नाही, काय करणार?" असं तो आता गल्लीत सांगतो. लोक मान डोलावतात.

मी त्यांना भेटायला गेले. खोली लहानशी, पण नीटनेटकी होती. "बरं केलंत, काकू," मी म्हटलं.

"बरं कसलं गं?" त्या सुई ओवत म्हणाल्या. "या वयात दुसऱ्याच्या माडीवर राहणं म्हणजे बरं? पोराचा राग आता येत नाही. आपल्या हाताने मी माझी जागा विकली, त्याने बोट दाखवलं तिथे सही केली, कागद वाचलासुद्धा नाही, त्याचा येतो. भाजी निवडताना, पायऱ्या चढताना, केव्हाही येतो."

"तो आला होता का कधी?"

"आला होता. त्या मित्राची गाडी घेऊन. खिडकी गळते म्हणाला."

"मग?"

"करून दिली. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार?"

खालून मिशीवाल्याने हाक मारली. काकूंनी सुई गादीत टोचून ठेवली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.